अंशतः ढगाळ

ऐरणीसारख्या सपाट माथ्याचा काळा ढग समोर उभा असताना बंदरावर धोक्याचा बावटा का चढला नाही? धाकू तांडेल प्रत्येकाला हेच विचारत होता. त्या ढगाच्या वादळात त्याचा थोरला भाऊ होडीसकट बुडाला होता.

चौकशीत बंदराचे साहेब गुरगुरले, "अंदाज 'अंशतः ढगाळ' असा होता. चौथी नापास तू, तुला ढगांतलं काय कळतं रे?"

"मंग तसंच लिवा सायेब," धाकू कडाडला, "माझा दादूस अंशतः बुडाला!"

तेवढ्यात पश्चिमेला पुन्हा तशीच ऐरण चढली. होड्या समुद्रात होत्या आणि बावटा कपाटात कुलूपबंद होता. धाकूने अंगात घातलेला दादूसचा लाल सदरा काढून काठीला बांधला आणि शेवटची होडी माघारी वळेपर्यंत तो उंच धरून ठेवला.