शंखातलं हसू

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता. तो सिंहासनावर बसलेला असे, पण मन तिथे नसे. त्याची धाकटी लेक मृणाली तापाने गेली, तेव्हा एका मांत्रिकाने त्याला शापित खजिन्यातला शंख दिला. कानाला लावला की मृणालीचं हसू ऐकू येई. राजा दिवसभर तेच ऐकत राहिला. शत्रू सीमेवर आला, हेर धावत आले. राजा नुसतं "हं" म्हणाला. आणि पायांपासून तो हळूहळू दगड होऊ लागला.

राणी सुवेणा डोंगरापलीकडच्या वनात गेली. तिथे एक बोलणारा भारद्वाज पक्षी राहत असे.

"महाराजांना काय झालं आहे?" तिने विचारलं.

"राजा अन्यमनस्क आहे," भारद्वाज म्हणाला. "मन कुणी आधीच व्यापलेलं असलं, की दुसऱ्याच्या शब्दाला आत जागा मिळत नाही. शंख हिसकावशील, तर तो पुरता दगड होईल. त्याने आपणहून दिला, तरच शाप तुटेल." आणि राजाचं लक्ष वेधण्यासाठी त्याने तिला आपली तीन जादूची पिसं दिली.

राणीने दरबारात पहिलं पीस उडवलं. वीज खाली उतरली आणि सिंहासनाभोवती फिरून गेली. राजाची पापणी लवली नाही. दुसरं उडवलं, तशी नदी आत शिरली, मासे खांबांना वळसे घालू लागले. राजाच्या कमरेपर्यंत पाणी चढलं, दगडपणही चढलं. त्याने शंख तेवढा वर धरला.

तिसरं पीस राणीने पाण्यात सोडून दिलं. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मलाही ऐकू द्या, महाराज. ती माझीही होती."

राजाने मान वळवली. "तू कधी मागितला नाहीस."

"तुम्ही इथे नव्हता. मागणार कुणाकडे?"

राजाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्याने शंख तिच्या हातावर ठेवला. तिने ऐकलं आणि ती रडली. तोही रडला. शंखाची वाळू झाली. नदी आपल्या पात्रात परतली, राजाचे पाय मोकळे झाले. राजा घोड्यावर दिसताच शत्रूने तळ उठवला.

पुढे दरबार रोज भरू लागला. कधी मध्येच राजाची नजर खिडकीबाहेर जाई. प्रधान बोलता बोलता थांबे.

"जरा थांबा," राणी हलकेच म्हणे. "येतील ते."

आणि राजा येई.