एका शालीची वाटणी

विडी कामगारांच्या कथा लिहिणाऱ्या आमदार कॉम्रेड विठोबा घुग्यांचा सिन्नरला भर थंडीत, उघड्या पटांगणात सत्कार झाला. रीतीप्रमाणे व्यासपीठावरच्या सगळ्यांनाच शाली मिळाल्या. अध्यक्ष होते विडी कारखानदार केशरमलशेठ. ते माइकवर हसत म्हणाले, "कॉम्रेड, सगळं सगळ्यांचं म्हणता ना? मग करा तुमच्या शालीची समान वाटणी!"

"फाडली तर ऊब कुणालाच नाही, शेठ. ज्याला गरज, त्याला आधी." कॉम्रेडांनी खाली उतरून समोर कुडकुडत बसलेल्या म्हाताऱ्या विडी कामगार गोदाबाईंना शाल पांघरली आणि वर पाहिलं. "थंडी अजून पुष्कळांना वाजतेय. वर शालीही पुष्कळ आहेत."

शेठनी आपली शाल घट्ट धरली.

गोदाबाईंनी शेजारणीला आपल्या शालीत ओढलं. "शेठचं ठरेस्तोवर ही दोघींना पुरंल."