पिवळ्या बल्बांची होळी

गावाचं नाव सांगत नाही, कारण असा सरपंच कुठेही भेटतो. त्या गावात अंजिरा नावाची एक बाई राहायची. नवरा गेल्यावर सात वर्षं तिने लोकांच्या रानात खुरपणी केली आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा स्वतःचं काही मांडलं: गावरान कोंबडीची दीडशे पिल्लं. ती जगली तर तिला पुन्हा कोणाच्या बांधावर राबायला जायचं नव्हतं.

आठवड्याभराच्या पिल्लांना आईची ऊब लागते. दीडशे पिल्लांना पुरेल एवढी आई कुठून आणायची? म्हणून अंजिराने खोलीत भाताचं तूस पसरलं, भोवती पत्र्याचं गोल कुंपण केलं आणि हातभर उंचीवर चार जुने पिवळे बल्ब टांगले. पिल्लं ऐसपैस पसरून झोपली की ऊब बरोबर आहे असं तिला कळायचं. एकमेकांवर चढू लागली की ती बल्ब चार बोटं खाली घ्यायची.

इकडे सरपंचाच्या डोक्यात भलतंच शिरलं. उजळ गाव स्पर्धेची समिती येणार होती. त्याने दवंडी दिली की गावात एकही पिवळा बल्ब दिसता कामा नये. घरोघरी नवा पांढरा एलईडी दिवा लागेल आणि जुन्या बल्बांची चावडीसमोर होळी होईल. काचेची कधी होळी होते का? पण ढोल आला, फोटोवाला आला, मग विचारतो कोण.

समिती यायच्या आदल्या संध्याकाळी तो चौघांना घेऊन अंजिराच्या दारात उभा राहिला.

“वहिनी, ते जुनाट बल्ब काढा. हे घ्या नवे. विजेची बचत आणि उजेड दुप्पट.”

“सरपंच, मला इथं उजेड नकोच आहे,” अंजिरा म्हणाली. “या बल्बात केसासारखी तार असते. वीज तिच्यातून जाते तशी ती तापते, तापून तापून पिवळी चमकते, म्हणून आपल्याला उजेड दिसतो. उजेड हा तिचा जोडधंदा. खरं काम ऊब देण्याचं. तुमच्या नव्या दिव्यात विजेचा उजेड होतो, पण पिल्लांना पुरेल अशी ऊब होत नाही. घरात लावते मी तो, खुशाल लावते. इथं नको. दोन्हींजवळ हात धरून बघा की.”

हात धरायला कितीसा वेळ लागतो? सरपंचाने धरला नाही. “समितीला काय सांगू, कोंबड्यांसाठी गाव मागं ठेवलं म्हणून?” तो म्हणाला, आणि बरोबरचे चौघे हसले. पिल्लांवर पांढरे दिवे टांगले गेले, बल्ब पोत्यात गेले आणि चावडीसमोर दगडाखाली फुटले. गावाने टाळ्या वाजवल्या. हे सांगतानाही माझं डोकं फिरतं.

दुसरे बल्ब आणायला जावं तर तालुक्याची शेवटची एसटी निघून गेली होती. अंजिराने चुलीत विटा तापवल्या, गोणपाटात गुंडाळून पिल्लांजवळ ठेवल्या. विटा निवत राहिल्या, ती पुन्हा तापवत राहिली. मावतील तेवढी पिल्लं तिने गोधडीत घेतली.

सकाळी खोली लख्ख होती. त्या लख्ख उजेडात पिल्लं ऊब शोधत एकावर एक चढून, चेंगरून, गारठून मेली होती. गोधडीतली तेवढी बत्तीस वाचली.

समिती आली, हारतुरे झाले, सरपंच भाषणाला उभा राहिला. तेवढ्यात अंजिरा मेलेल्या पिल्लांची पाटी घेऊन आली आणि तिने ती टेबलावर, हारांच्या मधोमध ठेवली. ती बघून समितीतल्या एका बाईंनी हातातला चहा खाली ठेवला.

“वहिनी, हे नंतर बोलू,” सरपंच पुटपुटला.

“नंतर कशाला? सरपंच, तुमच्या न्हाणीत गिझर आहे ना? त्यातही वीजच जाते आणि पाणी तापतं. तुमच्या अंगासाठी विजेची ऊब तुम्हाला बरोबर कळते. आज तो गिझर काढा, तिथं पांढरा दिवा लावा आणि उद्या पहाटे त्याच्या उजेडात आंघोळ करून दाखवा.”

कोणी हसलं नाही. समितीच्या बाईंनी आधी लखलखणाऱ्या दिव्याजवळ हात धरला, मग पाटीतल्या एका पिल्लाला लावला. दोन्ही गार होती. त्यांनी वही मिटली आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.

दुपारी सरपंच स्वतः तालुक्याला जाऊन चार पिवळे बल्ब घेऊन आला. “चुकलं माझं, वहिनी,” म्हणाला. अंजिराने बल्ब घेतले, कारण बत्तीस पिल्लं अजून थरथरत होती. त्याला बस म्हणाली नाही. उन्हाळा लागला तेव्हा ती पुन्हा लोकांच्या बांधावर खुरपत होती.

तात्पर्य, ऐकायचं असेल त्याने ऐकावं: ज्याचं पोट एखाद्या वस्तूवर चालतं, त्याला ती कशासाठी आहे हे आधी विचारावं. फोडून झाल्यावर मागितलेल्या माफीत ऊब नसते.