चांदीच्या खांबावर न चढलेली वेल

लहानथोरांनो, फार फार मागच्या काळातली ही गोष्ट. एका कोरड्या, डोंगराळ मुलखात एक राजा होता. मनानं उमदा, पण भारी उतावळा. आनंद झाला की तो त्याच्या पोटात म्हणून राहत नसे.

त्याच्या मुलाचं लग्न झालं आणि दूरच्या, बारा महिने भिजणाऱ्या अरण्याच्या देशातून सून आली. तिचं नाव नीलांबरी. येताना तिनं मातीच्या कुंडीत एक वेल आणली होती.

"आईनं दिलीय," ती म्हणाली. "माहेरी ही झाडांवर चढते. वर गेली की पानं सुपाएवढी होतात आणि त्यांना जाळी पडते, कुणी कोरल्यासारखी."

झालं, राजाला दुसरं काही सुचेना. "हिची काळजी मीच घेणार," त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं. त्यानं कुंडी भर उन्हाच्या खिडकीत ठेवली. सोनाराकडून चांदीचा खांब घडवून घेतला, तोंड दिसेल असा चकचकीत. रेशमी दोऱ्यांनी वेल त्याला बांधली. सकाळ-दुपार-संध्याकाळ तो स्वतः तांब्यानं पाणी घाली, आणि उजाडताच अनवाणी धावत येऊन विचारी, "आलं का नवं पान?"

नीलांबरी एकदोनदा बोलायला पुढे झाली, पण त्याची हौस पाहून गप्प राहिली. सासऱ्यानं एवढ्या प्रेमानं केलेल्याला नव्या सुनेनं नको कसं म्हणायचं?

पानं पिवळी पडली. काही करपली. राजानं पाणी वाढवलं, खांब पुन्हा घासून घेतला. एके दिवशी त्यानं घसरलेली वेल उचलली, तर बुंध्यापाशी कुजलेला तुकडा त्याच्या हातातच आला.

राजा मटकन खाली बसला. "सूनबाई, तुझ्या आईची वेल मी मारली गं. मी काय कमी केलं? तूच सांग, हिला हवं तरी काय?"

नीलांबरीचे डोळे भरले. या घरात आल्यापासून तिला पहिल्यांदाच कुणी काही विचारलं होतं.

"कमी काहीच नाही केलंत, मामंजी. पाणी जास्त झालं. बोटानं माती चाचपायची, कोरडी लागली तरच घालायचं. हिला उजेड हवा, पण अंगावर ऊन नको. आणि हा खांब..." ती अडखळली.

"बोल, पोरी."

"फार गुळगुळीत आहे. हिच्या पेरांना मुळं फुटतात. त्यांना धरायला खडबडीत काहीतरी लागतं."

राजा ताडकन उठला. दरबार खोळंबला तरी त्याला पर्वा नव्हती. त्यानं बाभळीचा ओंडका आणवला आणि स्वतः त्याला काथ्या गुंडाळून ओला केला. नीलांबरीनं वेलीचा चांगला तुकडा कापून भुसभुशीत मातीत लावला. कुंडी खिडकीपासून आत सरकवली.

मग वाट पाहणं आलं, आणि राजाला तेच सगळ्यात जड गेलं. तांब्याकडे गेलेला हात तो मागे घेई, आधी मातीत बोट घाली.

एका सकाळी त्याची हाक महालभर घुमली. वेलीच्या एका बारक्या मुळानं काथ्या घट्ट धरला होता. मग वेल चढतच गेली. पुढे गुंडाळीसारखं एक पान आलं, हळूहळू उलगडलं, आणि काय सांगावं, त्याला खरोखरच जाळी होती. राजानं नगारा वाजवायला सांगितलं. गावातली पोरंसोरंसुद्धा पान बघायला महालात शिरली.

त्या गडबडीत राजाचं लक्ष सुनेकडे गेलं. ती हसत होती, पण किती वाळली होती.

"सूनबाई," तो हळूच म्हणाला, "आणि तुला काय हवंय? ते विचारायचंच राहिलं."

ती जरा घुटमळली. "मऊ भात, मामंजी. रोजची पक्वान्नं घशाखाली उतरत नाहीत."

त्या दुपारी राजवाड्यात सगळ्यांच्या ताटात वाफाळता भात होता. राजानं सुनेला स्वतः वाढलं, आणि तिनं दुसऱ्यांदा मागून घेतला.

तात्पर्य : माया कितीही असो, जिच्यावर करायची तिला काय हवं, हे आधी विचारावं.