सोनडाळिंब खाणाऱ्या साळुंक्या

एका राज्यात पैलतीरची बातमी पंखांवरून येत असे. राज्याच्या कडेने नीलधारा नदी वाहत होती, आणि तिच्या मधोमध बाराही महिने धुक्याची भिंत उभी असे. माणसाची नजर त्या भिंतीपलीकडे पोचत नसे, साळुंक्यांची पोचे. रोज सकाळी त्या धुक्यातून पार जात, दुपार कलता परत येत, आणि चौकातल्या दगडी कमानीवर बसून माणसांच्या भाषेत पाहिलेले सांगत. लोक हातची कामे टाकून ऐकत. साळुंकी बोलली म्हणजे ते खरेच, अशी सगळ्यांची खात्री.

त्या वर्षी साळुंक्या म्हणाल्या, "पैलतीरचा राजा नदीकाठी किल्ला बांधतो आहे. किल्ल्यावर भाले चमकत आहेत."

नगरात घबराट पसरली. आया मुलांना अंगणाबाहेर सोडेनात. लोहारांच्या भट्ट्या विझेनात. दार वाजले तरी माणसे दचकू लागली.

राजा धैर्यसेन तरुण होता. मनाने वाईट नव्हता, पण त्याच्याही गळ्याखाली घास उतरत नव्हता. त्याची थोरली बहीण चारुमती रोज चौकात जाऊन ऐके. ऐकता ऐकता एके दिवशी तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. साळुंक्या आपसांत भांडत होत्या. एक म्हणे, "स्वारी आजच करावी." दुसरी म्हणे, "पीक घरात आल्यावर करावी." दरबारातही हेच भांडण चालले होते. सेनापती रुद्रकेतूला आज हवे होते, प्रधान शुभंकराला सुगीनंतर. पण स्वारी करावीच का, असे दरबारात कुणी विचारत नव्हते; आणि चौकात एकही साळुंकी विचारत नव्हती.

चारुमती तशीच भावाकडे गेली.

"धैर्या, पैलतीरी कुणाला पाठवून खातरजमा केलीस का?"

"कशाला, ताई? साळुंक्या रोज डोळ्यांनी पाहून येतात. मी दरबारात जे म्हणतो, तेच त्या चौकात सांगतात. म्हणजे माझे बरोबरच असणार."

"आणि नसले तर?"

राजा एवढेच म्हणाला, "येत्या अमावास्येच्या सकाळी रणदुंदुभी वाजेल."

साळुंक्यांना काय झाले आहे हे विचारायला चारुमती डोंगरावर गेली. तिथे एका गुहेत तमसा नावाची मांत्रिकीण राहत होती. राजवाड्याच्या बागेतले सोनडाळिंबाचे झाड तिच्याच भावाने, जुन्या राजाला खूश करायला, मंत्र घालून लावले होते. तो मेला, झाड राहिले.

तमसा म्हणाली, "त्या झाडाला शाप आहे. साळुंक्या परत येताना आधी तिथे उतरतात, दाणे खातात. दाणा पोटात गेला की डोळे खरे पाहतात, पण जिभेवर सिंहासनाला आवडेल तेच येते. आणि बोलणारीला वाटते, आपण पाहिले तेच बोललो."

"झाड तोडता येईल?"

"कुऱ्हाडीने नाही. सिंहासनाला नको असलेले सत्य सिंहासनाच्याच तोंडून निघाले, तरच ते मरेल. त्यासाठी तीन कामे कर. पैलतीरच्या विहिरीचे पाणी आण. ते तिथल्या माणसाने आपल्या हाताने द्यायला हवे. त्या झाडाचे एक फळ आण, पण चाखू नकोस. मग भर दरबारात ते फळ त्या पाण्यात सोड. फळ तरंगते तोवर तुझे बोलणे कुणाला अडवता येणार नाही. पण राजा खरे बोलण्याआधी फळ बुडाले, तर तू साळुंकी होशील, आणि जन्मभर त्याच झाडावर बसशील."

तरी चारुमती नदीकडे निघाली.

एकही नावाडी पलीकडे यायला तयार होईना. तिने स्वतःच वल्ही घेतली. धुक्याच्या भिंतीत तिला आवाज ऐकू आले: शिंगे, किंकाळ्या, घोड्यांच्या टापा. तिने कान दिला तर ते सगळे तिच्याच आवाजात होते. ती वल्हवत राहिली, आणि भिंत संपली.

समोर किल्ला नव्हता. मातीचा लांबलचक बंधारा होता. बायामाणसे डोक्यावरून पाट्या वाहत होती. बंधाऱ्यामागे भालेकरी मात्र होते, आणि त्यांचे चेहरे पांढरेफटक पडले होते. काठाजवळच्या विहिरीवर एक बाई पाणी शेंदत होती. तिचे नाव कांचनी.

"बाई, मी पलीकडून आले. थोडे पाणी द्याल?"

कांचनीच्या हातून दोर सुटता सुटता राहिला. "पलीकडून? मारायला आलात?"

"बघायला आले."

कांचनीने बंधाऱ्याकडे बोट दाखवले. "मग बघा. दोन पुरांत आमची गावे गेली, म्हणून हा बंधारा. पुरा झाला की पाणी तुमच्या काठावर चढेल, हे आम्हालाही कळते. म्हणून आमच्या राजाने तुमच्याकडे तीनदा दूत धाडले. तिन्ही वेळा वेशीवरून परत लावले. शेवटच्या वेळी परतताना दूतांना तुमच्या काठावर भाले दिसले. आता माझा मुलगाही भाला घेऊन बसलाय. त्याला भाला नीट धरताही येत नाही."

तिने तांब्या भरला आणि आपल्या हाताने चारुमतीला दिला.

दूत! चारुमती परतताना तोच शब्द घोळवत राहिली. तीनदा दूत आले, आणि चौकात एकाही साळुंकीने ते सांगितले नव्हते.

अमावास्येची सकाळ उजाडली तेव्हा ती बागेत पोचली. सोनडाळिंबाचा वास असा, की पोटात भूक नसताना तोंडाला पाणी सुटावे. फांद्यांवर साळुंक्या ओळीने बसल्या होत्या. सगळ्यांत म्हातारी मंजुळा. चारुमतीला लहानपणी बोलायला तिनेच शिकवले होते.

"एक दाणा खा, राजकन्ये," मंजुळा मायेने म्हणाली. "मग सगळी प्रजा तुझे ऐकेल. कुणी तुला वेडी म्हणणार नाही."

"मंजुळे, पैलतीरी तू काय पाहिलेस?"

"बंधारा पाहिला," म्हातारी म्हणाली. त्या सकाळी तिने अजून दाणा खाल्ला नव्हता. ती स्वतःच गोंधळली. "चौकात आल्यावर जिभेवर किल्ला आला. सगळ्याजणी किल्लाच म्हणत होत्या. मला वाटले, माझेच डोळे अधू झाले."

"आणि दूत?"

"दरबारात कुणी दूतांचे नाव काढले नाही. मग सांगायचे तरी कसे?"

चारुमतीचे डोळे भरून आले. तिने एक फळ तोडले, ओठ घट्ट मिटले आणि ती दरबाराकडे धावली.

बाहेर रणदुंदुभीवर टिपरी पडायची वेळ झाली होती. तिने सिंहासनापुढे घंगाळ ठेवले, त्यात तांब्या रिता केला, फळ सोडले. फळ तरंगू लागले. प्रधान ओरडायला उठला. तोंड उघडले, आवाज फुटला नाही. सेनापतीचेही तसेच झाले.

"महाराज," चारुमती म्हणाली, "तिथे किल्ला नाही. पुराला अडवणारा बंधारा आहे. त्याने आपल्या काठाला धोका आहे, हेही खरे. तिथे सैन्य आहे, तेही खरे. ते आपल्याला भितात, जसे आपण त्यांना. याच बंधाऱ्याबद्दल बोलायला त्यांचे दूत तीनदा आपल्या वेशीवर आले होते. त्यांना परत कुणी लावले?"

राजाने मान वळवली.

फळ निम्मे बुडाले. चारुमतीच्या बोटांना मुंग्या आल्या.

"धैर्या, कुणी?"

फळाचे फक्त टोक वर राहिले. चारुमतीच्या मनगटावर एक तपकिरी पीस उगवले, मग दुसरे. तिने हात लपवला नाही. राजाचे लक्ष तिकडे गेले आणि तो सिंहासनावरून खाली उतरला.

"मी," तो म्हणाला. "मीच लावले. पहिल्यांदा कंटाळा आला होता म्हणून. मग शत्रूशी बोललो तर लोक भित्रा म्हणतील, म्हणून. पुढे कुणी विषय काढला नाही. मीही काढला नाही. ताई, दूत आले होते."

बागेकडून कडाडल्यासारखा आवाज आला. सोनडाळिंबाचे झाड मुळापासून वरपर्यंत उभे चिरले आणि राखेसारखे खाली बसले. चारुमतीच्या मनगटावरची पिसे गळून पडली. राजाने स्वतः बाहेर जाऊन टिपरी वादकाच्या हातून काढून घेतली.

त्याच दिवशी तो निःशस्त्र नावेत बसला. बहीण वल्हवत होती. बोलणी सोपी झाली नाहीत. दोन्ही राजे एकदा रागाने उठून गेले, पुन्हा येऊन बसले. शेवटी ठरले की बंधारा निम्म्या उंचीचा राहावा, आणि जादा पाण्यासाठी दोन्ही राज्यांनी मिळून कालवा खणावा. सैन्ये मागे हटली. भाल्यांचे फाळ मोडून कुदळी झाल्या.

बोलणी चालू असताना इकडे चौकात लोक दाटले होते. कमानीवर साळुंक्या गप्प बसल्या होत्या, माना खाली घालून. कुणीतरी ओरडले, "बोला की! पलीकडे काय चालले आहे?"

मंजुळेने पंख सावरले. कितीतरी वर्षांनी ती जिभेवरचा शब्द आधी तोलून पाहत होती.

"आम्हाला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पाहून येतो."

आणि सगळ्या साळुंक्या एकदम उडाल्या. त्या वाटेत कुठे उतरल्या नाहीत, थेट धुक्यात शिरल्या. लोक त्यांची वाट पाहत उभे राहिले. त्या राज्याचे असे भले झाले. ऐकणाऱ्यांचेही तसेच होवो.