कप तापला, दूध गारच

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंपाशी आला आणि म्हणाला, "मला निरोप द्या. मी या कामाला योग्य नाही." त्याच्या उजव्या तळहातावर पोळल्याची लाल खूण होती, खांद्याला बांधलेली पिशवी होती आणि डोळे रडून सुजले होते. सकाळचे नऊ वाजले होते. हे सगळं कपभर दुधावरून झालं असं सांगितलं तर कुणीही हसेल. पण माणसाच्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी कपभर दुधावरूनच होतात.

हे गुरू म्हणजे कुणी जटाधारी साधू नव्हते. घाटाच्या पायथ्याच्या एका गावात मोठं रुग्णालय होतं आणि त्याच्या कुंपणाला लागून एक धर्मशाळा. रुग्ण तिकडे खाटेवर आणि त्यांची माणसं इकडे सतरंजीवर. ती धर्मशाळा हे वृद्ध सांभाळत. पूर्वी शाळेत शिकवत, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणत. शिष्य तिशीतला होता. चांगली नोकरी सोडून सेवा शिकायला आला होता आणि त्याला चार महिने झाले होते.

त्या गावात धुकं फार. सकाळी ते डोंगरावरून उतरे, रुग्णालयाच्या इमारतीचा एकेक मजला पुसत जाई, आणि ओसरीवर बसलेल्या माणसांना आपलं माणूस ज्या खिडकीमागे आहे ती खिडकीच दिसेनाशी होई. मग सगळी न सांगता हळू आवाजात बोलू लागत. नव्याने आलेल्याला वाटे, आपण अजून जागे झालेलोच नाही.

भोजनगृहाच्या कोपऱ्यात एक मायक्रोवेव्ह होता. गावाकडच्या बायका त्याला 'फिरती पेटी' म्हणत. पत्नी बरी होऊन घरी गेल्याच्या आनंदात एका व्यापाऱ्याने तो दिला होता. उद्घाटनाच्या दिवशी त्याने हौसेने चांदीच्या वाटीत नैवेद्याचा पेढा ठेवला, वाटीला कुंकवाचं बोट लावलं आणि बटण दाबलं. आत कडकड ठिणग्या उडाल्या. देवाने नैवेद्य स्वीकारला म्हणून निम्म्या लोकांनी हात जोडले. गुरुजींनी आधी बटण बंद केलं आणि मग हात जोडले.

त्या दिवसापासून पेटीशेजारच्या फळीवर जाड काचेचे वाडगे आले आणि नियम झाला, की डबा कुणाचाही असो, अन्न वाडग्यात काढूनच तापवायचं. हे दिसतं तितकं सोपं नव्हतं. आपल्याकडे स्टीलच्या डब्यावर नाव घातलेलं असतं, कुणी दिला आणि कधी दिला तेही असतं. परक्या जागी कित्येकांना तेवढंच आपलं वाटतं. तो डबा हातातून सोडायला माणूस तयार नसे. म्हणून गुरुजी रिकामा डबा नाव पुढे करून टेबलावर ठेवत आणि म्हणत, "हा इथेच बसलाय. गरम झालं की परत याच्यातच घालून देतो."

तर त्या सकाळी ओसरीवर द्वारकाबाई बसल्या होत्या. साठीच्या, काटक बाई. त्यांच्या मालकांच्या छातीचं ऑपरेशन पहाटेच सुरू झालं होतं आणि दुपारनंतर भेटू देणार होते. गेल्या तीन दिवसांत त्यांनी चहाखेरीज काही घेतलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी जिन्यात त्यांना भोवळ आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की पोटात काही गेलं नाही तर तुम्हालाही खाट द्यावी लागेल. शेजारणीने पहाटेच्या एसटीने पाठवलेला डबा त्यांच्या मांडीवर होता, पण झाकण उघडलेलं नव्हतं.

"त्यास्नी शुद्ध आल्यावर म्या उभी दिसाया पायजे, दादा," त्या शिष्याला म्हणाल्या. "पडल्याली दिसले तर ते मनानंच खचत्याल. पन घासच उतरंना. काय करू?"

शिष्याचं मन लोण्याचं. तो शेजारी बसला आणि त्याने त्यांचा हात हातात घेतला. त्याला त्या बंद खिडकीमागचा माणूस दिसू लागला, एकटी पडलेली ही बाई दिसू लागली, तिचं रिकामं घर दिसू लागलं. तो रडू लागला तो थांबेचना. थोड्या वेळाने पाहावं, तर द्वारकाबाईच पदराने त्याचे डोळे पुसत होत्या.

"उगी, दादा, उगी. व्हईल समदं नीट."

शिष्य ओशाळला. काहीतरी केलं पाहिजे म्हणून तो धावत भोजनगृहात गेला. त्याच्याकडे एक तपकिरी कप होता, जाड मातीचा, जत्रेतून हौसेने आणलेला. त्याचा तो सर्वांत लाडका. आपलं सगळ्यात चांगलं आहे ते बाईंना द्यावं, या भावनेने त्याने त्यात दूध ओतलं, पेटीत ठेवलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. बाहेर काढताना हात असा भाजला की कप टेबलावर आदळला आणि अर्धं दूध सांडलं. उरलेलं त्याने कप फडक्यात धरून नेलं. द्वारकाबाईंनी एक घोट घेतला, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि अपराध्यासारख्या म्हणाल्या, "गारच हाय की ओ." मग कप खाली ठेवून, डबा काखोटीला मारून त्या धुक्यातून रुग्णालयाच्या पायऱ्यांकडे चालू लागल्या. चालताना त्यांनी एकदा कुंपणाचा आधार घेतला, ते शिष्याने पाहिलं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. याचा तर हात पोळला आणि तोही दुधाने नव्हे, नुसत्या कपाने. त्याने सरळ पिशवीच बांधली.

गुरुजींनी त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. तळहात नळाच्या पाण्याखाली धरायला लावला. मग म्हणाले, "जायचं तर जा. अडवत नाही. पण जाण्याआधी तो तुझा कप इकडे आण."

त्यांनी कप धुतला, पुसला आणि रिकामाच पेटीत ठेवला.

"गुरुजी, रिकामी पेटी चालवायची नाही असं तुम्हीच सांगता ना?"

"सांगतो. म्हणून हे." त्यांनी काचेच्या पेल्यात पाणी भरून कपाशेजारी ठेवलं, दार लावलं आणि एका मिनिटाचं बटण दाबलं. शिष्याला रागच आला. आपण इथे आयुष्याचा प्रश्न घेऊन उभे, आणि हे रिकामा कप तापवत बसलेत!

आत पिवळा दिवा लागला आणि बशी फिरू लागली. बाहेर खिडकीला धुकं टेकलेलं, आत तेवढा एक उजेडाचा चौकोन, आणि त्यात कप आणि पेला एकमेकांमागून सावकाश प्रदक्षिणा घालत होते. बारीक गुणगुण चालू होती. दूरच्या देवळात कुणी एकट्याने जप करावा तशी ती वाटत होती. पाहता पाहता शिष्याचा राग कुठे गेला ते त्यालाही कळलं नाही. गेले चार महिने तो नुसता कुठे उभाच राहिला नव्हता. मिनिट एवढं मोठं असतं, हे त्याच्या ध्यानातून गेलं होतं. त्याला वाटलं, ही बशी अशीच फिरत राहावी आणि कुणाला काही होऊ नये.

घंटी वाजली.

"आता कपाला हात लाव. बोटाच्या पाठीने, हळूच."

शिष्याने बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. रिकामा कप चांगलाच तापला होता.

"आणि पाणी?"

पाणी कोमट होतं, जेमतेम.

गुरुजींनी कप बाजूला ठेवला. पेल्यात नवं गार पाणी घेतलं आणि फळीवरचा काचेचा रिकामा वाडगा त्याच्याजवळ ठेवून पुन्हा एक मिनिट लावलं. या वेळी वाडग्याला हात लावला तर तो होता तसाच गार, आणि पाणी चटका बसेल इतकं गरम.

"भांडं पेटीत चालेल की नाही, ते मी असं पाहतो," गुरुजी म्हणाले. "ऊब अन्नासाठी निघालेली असते. वाडगा तिला आरपार जाऊ देतो, ती जिथे जायची तिथे पोचते. तुझ्या कपाला ते जमत नाही. ऊब आली की तो आधी स्वतःच पिऊन टाकतो. कप वाईट आहे असं नाही हो, बिचारा फार मनाला लावून घेणारा आहे. पण त्याने किती सोसलं यावरून दूध गरम होत नाही. तो तापला, तुझा हात भाजला, आणि उपाशी माणसाला मिळालं गार दूध."

शिष्याने बाजूला ठेवलेल्या कपाकडे पाहिलं. मग त्याने जे खरंच विचारायचं होतं ते विचारलं.

"म्हणजे मला काही वाटूच नये का? मी स्टीलचा होऊ?"

"स्टीलचा मी होतो," गुरुजी म्हणाले. ते खिडकीकडे पाहत होते. "माझी बायको इथेच होती, तिसऱ्या मजल्यावर. तिची धाकटी बहीण रडू लागली, तर मी तिला म्हणालो, रडून रिपोर्ट बदलतात का? धातू ऊब आत घेतच नाही. तिथल्या तिथे परतवतो, आणि कधी ठिणगी उडते. त्या पोरीने त्यानंतर माझ्याशी मोकळेपणाने बोलणं सोडलं. बायको गेली त्या दिवशीही ती दुसऱ्या खोलीत जाऊन रडली." ते शिष्याकडे वळले. "काच धातूसारखी नाही, बाळा. काच काही परतवत नाही आणि अडवूनही ठेवत नाही. वाडग्यात गरम वरण ओतलं की जरा वेळाने वाडगाही ऊन होतोच. पण आधी वरण, मग वाडगा."

धुकं आता विरळ होत होतं. रुग्णालयाचा पहिला मजला दिसू लागला होता आणि त्याखालच्या पायऱ्यांवर निळ्या लुगड्याचा एक ठिपका. शिष्याने पिशवी बाकावर ठेवली आणि तो निघाला.

द्वारकाबाईंनी डबा सहज दिला नाही. झाकणावर दोघांची नावं होती, 'दौलत – द्वारका', आणि खाली लग्नाचं साल. शिष्याने हट्ट केला नाही. "तुम्हीच घेऊन चला, तुमच्यासमोर तापवतो," एवढंच म्हणाला. त्या आल्या. डब्यात मऊ भात होता आणि मुगाचं वरण. त्याने ते वाडग्यात काढलं, वर पाण्याचा हबका मारला, वाफेला वाट राहावी म्हणून झाकण तिरपं ठेवलं. मध्येच पेटी थांबवून एकदा तळापासून ढवळलं, कारण कडेला पोळतं आणि मध्ये गार राहतं, हे त्याला आता उमजलं होतं. घंटी वाजल्यावरही घाई केली नाही. वाफ बसेपर्यंत थांबला. मग सगळं परत नावाच्या डब्यात घालून त्याने तो त्यांच्या पुढ्यात ठेवला.

द्वारकाबाई डब्याकडे पाहत बसल्या. घास काही उचलेनात.

"मालकांना काय आवडतं खायला?" शिष्याने विचारलं.

"त्यास्नी?" द्वारकाबाई पहिल्यांदा जरा हसल्या. "ह्योच की. मऊ भात. बाळंतिणीवानी." मग त्यांना आठवत गेलं. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवशी भात गिजगा झाला, सासू बोलली, आणि मालक म्हणाले, मला असाच लागतो. तेव्हापासून चाळीस वर्षं तसाच. "खरं तर त्यास्नी मोकळाच आवडतू, ठावं हाय मला," त्या म्हणाल्या आणि बोलता बोलता पहिला घास त्यांच्या तोंडात गेला.

शिष्याचे डोळे भरून आले. त्याने ते अडवले नाहीत, पण या वेळी तो त्यात बुडूनही गेला नाही. तो फक्त ऐकत राहिला. द्वारकाबाई बोलत राहिल्या, खात राहिल्या, आणि डब्याचा तळ दिसला तेव्हा त्यांनाच नवल वाटलं.

संध्याकाळी धुकं पुन्हा उतरत होतं. गुरुजी भोजनगृहात कोमट दुधाला विरजण लावत होते, आणि दूध ओतलं होतं त्याच तपकिरी कपात.

"टाकला नाहीत?" शिष्याने विचारलं.

"टाकायचा कशाला? ऊब धरून ठेवतो ना, मग दही छान लागेल. घाईच्या वेळी पेटीत घालायचा नाही, इतकंच."

तेवढ्यात द्वारकाबाई दारात आल्या. चेहरा दमलेला, पण पाय घट्ट रोवलेले.

"डोळं उघाडलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "म्या खाटंजवळ उभीच व्हते. इचारलं, जेवलीस का? म्हनलं, व्हय. खोटं बोलाया लागलं न्हाई."

मग जायला वळल्या आणि पुन्हा थांबल्या.

"दादा, सकाळच्याला तुमी रडला, ते मला ग्वाड वाटलं, खोटं का बोलू. आपल्यासाठी कोन रडतंय ओ?" त्यांनी पदर सारखा केला. "पर पोट भरलं ते मागनं."

त्या गेल्या. गुरुजींनी कपावर ताटली झाकली. मग शिष्याने बाकावरची पिशवी उचलली, आत नेऊन सोडली आणि उद्याच्या डब्यांसाठी काचेचे वाडगे धुवायला घेतले.