तासभराची पारख

एका नजरेत गिऱ्हाईक ओळखतो म्हणणारा दुकानदार हमखास बुडतो. मंडळी, अध्यक्षही बुडतात. आमच्या भागात रिऑलॉजीवाल्यांचं, म्हणजे घट्ट-पातळ पदार्थ कसे वाहतात ते अभ्यासणाऱ्या शास्त्रज्ञांचं मंडळ आहे. त्यांना डांबर-ग्रीस आमच्या दुकानातून जातं, म्हणून सभेला मलाही खुर्ची मिळते.

मंडळाचे संस्थापक मुतालिक सर वारले. त्यांच्या पत्नी रेवतीबाई, त्याही शास्त्रज्ञच, म्हणाल्या, "पहिलं स्मृतिव्याख्यान मी देते."

अध्यक्ष शेडबाळे भर सभेत म्हणाले, "त्याला जिव्हाळा लागतो, बाई. अंत्यविधीला तुमच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. दगडच अगदी!"

रेवतीबाई सावकाश उठल्या. "सर, डांबर हातोडीनं ठोकलं तर दगडासारखं फुटतं. तेच वर्षानुवर्षं ठेवलं तर वाहताना दिसतं. तुम्हीच शिकवता ना?"

"अर्थात! वाहतं की नाही, ते किती वेळ पाहिलं त्यावर ठरतं."

"मग मला किती वेळ पाहिलंत?"

अध्यक्षांची मान खाली गेली. "तासभर," ते पुटपुटले. "व्याख्यान तुम्हीच द्या, वहिनी."

त्यांनी ते दिलं. मध्येच बराच वेळ त्यांना शब्द फुटेना. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही.